धोंडाबाईचा राखीव माठ

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेने आलं. लोक पिंपांना कुलूप लावत होते, पाहुणा दारात आला की आधी तो जाणार कधी याचा अंदाज घेत होते, आणि टँकरपुढे सख्खे शेजारी एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होते. अशा त्या उन्हाळ्यात बार्शी रोडच्या मागच्या गल्लीत, रियाजभाईंच्या फायबरच्या वर्कशॉपमध्ये, एक मोठा माठ काठोकाठ भरलेला असायचा आणि त्यातला थेंबसुद्धा कोणाला मिळायचा नाही. माठाशेजारी धोंडाबाई काचतंतूंची मॅट कापत बसलेली असायची. कोणी तांब्या पुढे केला की ती मान वर न करता म्हणायची, "ते प्यायचं न्हाई. ते डोळ्याचं पानी हाय."

गल्लीने तिला काय म्हणायचं बाकी ठेवलं नाही. कंजूष म्हटलं, खुळी म्हटलं, एकाने तर माठात सोनं पुरलंय म्हणून अफवा उठवली. धोंडाबाईला काही फरक पडला नाही. दर दोन दिवसांनी ती माठातलं पाणी काढायची, ते फायबर घट्ट करणाऱ्या हार्डनरच्या डब्यांवरच्या गोणपाटांवर शिंपडायची, आणि स्वतःच्या वाटणीच्या घागरीतून माठ पुन्हा भरायची. आंघोळीला तिच्याकडे त्या महिन्यांत दोन तांबे उरत. त्याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही.

माठ होता एका डोळ्यासाठी. रियाजभाईंना डोळा एकच, उजवा. तो राखायचं काम आपलं आहे, असं धोंडाबाईने तेवीस वर्षांपूर्वी स्वतःच ठरवून टाकलं होतं. तिला कोणी ते सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने ऐकलंही नसतं, बाई तशी हट्टी.

धोंडाबाई मूळची औसा तालुक्यातली. घरची सहा एकर जमीन, दोन देवणी बैल, नवरा रामकिशन आणि सासू. त्र्याण्णव साली गणपती बोळवून गाव झोपलं आणि पहाटे दगडमातीची घरं खाली बसली. उकडतंय म्हणून धोंडाबाई अंगणात झोपली होती, एवढ्यावर ती वाचली. नवरा आणि सासू माळवदाखाली गेले. त्या माळवदावर दर पावसाळ्याआधी तिनेच पाटीपाटीने माती टाकली होती, गळू नये म्हणून. हे ती पुढे कोणाजवळ बोलली नाही. रियाजभाईंजवळ एकदा बोलली, तेही सात-आठ वर्षांनी.

तेव्हापासून जड छपराखाली तिचा जीव थांबेना. पत्र्याच्या शेडमध्ये सगळं गाव राहायला गेलं, पण पत्र्यावर वाऱ्याने उडू नयेत म्हणून दगड ठेवले होते. धोंडाबाईने ते दगड पाहिले आणि आपलं अंथरूण बाहेर काढलं. थंडी पडली तरी बाई उघड्यावर. लोकांनी समजूत घातली, भावाने रागावून पाहिलं, एका बाईने तिच्यावरून लिंबू उतरवून टाकलं. ती बाहेरच झोपली.

त्या हिवाळ्यात एका संस्थेने वस्तीत संडास बांधायला घेतले आणि त्यांची दारं-छपरं बनवायचं काम लातूरच्या एका तिशीतल्या कारागिराकडे आलं. डाव्या डोळ्यावर पांढरा पडदा, अंगात ठिपक्याठिपक्यांचा सदरा, बोलणं अर्धं मराठी अर्धं दखनी. हेच रियाजभाई. टेम्पोतून फायबरचे पत्रे उतरवताना एक बाई चार हातांवर उभी राहून बघतेय, हे त्यांच्या ध्यानात आलं. बराच वेळ बघून ती जवळ आली आणि तिने विचारलं, "हे अंगावर पडलं तर?"

रियाजभाईंनी तिच्याकडे पाहिलं. प्रश्न कुठून आलाय ते त्यांना कळलं असावं, कारण ते हसले नाहीत. त्यांनी चप्पल काढली, जमिनीवर उताणे आडवे झाले, चेहऱ्यावर रुमाल टाकला आणि दोन माणसांना सांगितलं, "कमरेएवढा उचला पत्रा. आता सोडा." माणसं बिचकली. "अरे सोडा रे, कायकू घाबरता!" पत्रा धप्पकन अंगावर पडला. धूळ उडाली. क्षणभर काहीच हललं नाही, आणि धोंडाबाईच्या तोंडून किंकाळी निघणार तेवढ्यात पत्रा बाजूला सारून रियाजभाई उठून बसले. सदऱ्याची धूळ झटकत म्हणाले, "असं उठून बसता येतंय, बाई."

धोंडाबाई हसली. भूकंपानंतर पहिल्यांदा. मग तिथेच खाली बसली आणि खूप रडली. रडणं संपल्यावर तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "मला हे शिकवा."

पुढच्या महिन्यात ती वर्कशॉपमध्ये होती. वर्कशॉपचं छप्पर फायबरचं, भिंती फायबरच्या. मागच्या बाजूला रियाजभाईंनी तिला एक खोली करून दिली, तीही फायबरची. तिथे धोंडाबाई पहिल्या दिवशी जी झोपली ती थेट दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. रियाजभाईंची बायको बिलकीस डबा घेऊन येऊन दोनदा परत गेली. नवऱ्याला म्हणाली, "बाई जिंदा तो है ना?"

कामाच्या पहिल्या दिवशी रियाजभाईंनी तिच्या हातात ब्रश दिला नाही, गॉगल दिला. "हा डोळ्यावर. आधी हा, मग काम." मग त्यांनी पांढरा प्लास्टिकचा डबा दाखवला. रेझिन मधासारखं दाट असतं, ते आपणहून घट्ट होत नाही. त्यात या डब्यातलं हार्डनर पडलं की ते तापतं, आळतं आणि दगडासारखं होतं. हार्डनर दिसायला अगदी पाण्यासारखं, आणि धोका नेमका तिथेच. त्याला ऊन सोसत नाही. तापलं की आतून वायू धरतं, म्हणून त्याचं झाकण श्वास घेणारं असतं, त्याला बारीक भोक असतं. त्याला लोखंडाचा चमचा चालत नाही, गंज चालत नाही, सांडलं तर लाकडाचा भुसा टाकून चालत नाही. भुसा पेट घेतो. ओली वाळू टाकायची, चिंध्या पाण्यात बुडवायच्या. एकदा बाहेर काढलेलं उरलंसुरलं परत डब्यात ओतायचं नाही. आणि प्रमाण चुकवायचं नाही. शंभर ग्रॅम रेझिनला हिवाळ्यात दोन टोपणं, उन्हाळ्यात एक. जास्त झालं तर मगातलं रेझिन धुरायला लागतं आणि हातातला मग टाकून पळावं लागतं.

दुसरा डबा जांभळ्या औषधाचा. त्याला कारागीर कोबाल्ट म्हणतात. तेही रेझिनमध्येच पडतं, पण आधी पडतं आणि नीट ढवळलं जातं, मग हार्डनर. हे दोघं थेट एकमेकांना भेटले तर भडका उडतो. रियाजभाईंनी हे तीन वेळा सांगितलं. धोंडाबाईने एकदाच ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे सवती हाईत. सासू मधी असली तरच एका घरात राहत्यात."

तेव्हापासून ते नाव पडलं. सवतींचे डबे दोन टोकांना, एक पूर्वेच्या भिंतीला, एक पश्चिमेच्या. टोपणंसुद्धा वेगळी, हार्डनरच्या टोपणाला पांढरा दोरा, कोबाल्टच्या टोपणाला तांबडा. धोंडाबाईला वाचता येत नव्हतं, पण तेवीस वर्षांत तिच्या हातून एकदाही टोपण बदललं नाही. शिकलेले लोक वाचून विसरतात, ही बाई गाठ मारून लक्षात ठेवायची.

आणि माठ? तो तिने आणला, डाव्या डोळ्याची गोष्ट ऐकल्यावर. रियाजभाई बाविशीचे असताना हैदराबादला एका उस्तादांकडे काम शिकत होते. हार्डनरचा एक शिंतोडा डोळ्यात गेला. उस्ताद भला माणूस, त्याने घाईघाईने कपड्याने डोळा पुसला, वर गुलाबजल घातलं. पाणी आणायला गेलेला माणूस परत यायला दहा मिनिटं लागली. तोवर डोळ्याचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. "पाणी पाहिजे होतं बाई, फकत पाणी. भरपूर, आणि त्याच घडीला," एवढंच रियाजभाई म्हणाले. संध्याकाळी धोंडाबाई गंजगोलाईच्या बाजारात गेली आणि सगळ्यात मोठा माठ रिक्षात घालून घेऊन आली.

नंतरची वर्षं धावपळीची. आधी गावांना घरं बांधायची होती, मग शहरालाच भरतं आलं. लातूरची पोरं बोर्डात झळकू लागली आणि महाराष्ट्रभरातून पोरं-पोरी शिकवण्यांना येऊ लागली. ज्याच्याकडे दोन खोल्या होत्या त्याने चार मजले चढवले आणि दारावर होस्टेलची पाटी लावली. मजल्यामागे सहा बाथरूम, बाथरूममागे एक फायबरचं दार, गच्चीवर टाक्या. रियाजभाईंना जेवायला सवड मिळेना. गुण वाढले पोरांचे आणि हार्डनर संपलं आमचं, असं धोंडाबाई म्हणायची.

होस्टेलच्या कामात तिची फजिती एकच व्हायची, ती जिन्याची. वर जायचं तर चार मजल्यांच्या स्लॅबखालून जावं लागायचं. ती खाली उभी राहायची, देवाचं नाव घ्यायची, पदर खोचायची आणि जी पळत सुटायची ती गच्चीवर जाऊनच थांबायची. पन्नाशीची बाई हातात मॅटचं भेंडोळं घेऊन जिन्यातून वारा सुटल्यासारखी निघाली की पोरी भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. गच्चीवर मात्र ती राणी. वर आभाळ, पडलं तरी काय लागतंय! रियाजभाईंच्या स्वतःच्या घरालासुद्धा स्लॅब होता, म्हणून तेवीस वर्षांत ती त्यांच्या घरात गेली नव्हती. ईदचा शिरखुर्मा बिलकीसभाबी तिला अंगणात आणून देत, आणि ती तो वाटी चाटूनपुसून खाई.

पंधरा साल संपता संपता धोंडाबाईला रियाजभाईंचं काहीतरी खटकायला लागलं. ते मॅटची कड हाताने चाचपून पाहू लागले. चहात माशी पडली तरी त्यांना दिसेना. गॉगल सारखा कपाळावर ढकलायचे. विचारलं की म्हणायचे, "ओरखडे आलेत त्याला." तिने गंजगोलाईतून नवाकोरा गॉगल आणला. तोही दोन दिवसांत कपाळावर गेला. "डोळा दाखवून या," ती म्हणाली. "आज जाऊ, उद्या जाऊ," ते म्हणाले, आणि गेले नाहीत. मग तिने एक नियम केला, यापुढे हार्डनर फक्त तीच ओतणार. रियाजभाई पुटपुटले, पण त्यांनी तो मानला.

सोळाच्या मे महिन्यात मुलींच्या एका होस्टेलची गच्चीवरची टाकी तडकली. शंभर मुली, आठवड्याला एक टँकर, आणि त्यातलं निम्मं पाणी तड्यातून वाहून जाणार. होस्टेलचे मॅनेजर गुरुपादप्पा हात जोडून आले. पहिल्या दिवशी टाकी घासून झाली. सामान पुन्हा खाली कोण नेणार म्हणून रियाजभाईंनी ते गच्चीवरच ठेवायचं ठरवलं. धोंडाबाई कुरकुरली, मग कोबाल्ट एका टोकाला ठेवून तिने हार्डनरचा डबा जिन्याच्या खोलीच्या सावलीत ठेवला, त्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि ती घरी गेली.

गुरुपादप्पा उदगीरकडचा, मनाने लोण्यासारखा माणूस. सकाळी जिन्यात त्याला उग्र वास आला. त्याने डबा पाहिला, तर झाकणाला भोक. त्याला वाटलं, झाकण फुटलंय. पोरी अभ्यास करतायत, त्यांना वासाचा त्रास नको आणि बिचाऱ्या कारागिराचं औषधही उडून जायला नको. त्याने झाकणावर प्लास्टिकची पिशवी ओढली, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तशी दोऱ्याने आवळून बांधली, वरून चिकटपट्टीचे चार वेढे दिले, आणि डबा जिन्यापासून लांब, मोकळ्या गच्चीवर नेऊन ठेवला. चांगलं काम केल्याच्या समाधानात तो खाली जाऊन हिशेबाला बसला. वर ऊन चढत होतं.

अकराच्या सुमाराला धोंडाबाई जिना पळत चढली, एका हातात मॅट, एका हातात वीस लिटरचा पाण्याचा जार. माठ गच्चीवर नेता येत नाही म्हणून ती बाहेरच्या कामाला जार न्यायची. मागून रियाजभाई सावकाश, कठड्याला धरून आले. तेवढ्यात एक मुलगी रिकामी बाटली घेऊन वर आली. भोकरची, पुनम नाव. ओठ सुकलेले. "मावशी, थोडं पाणी देता का? आजचं संपलं माझं. दुपारी पेपर आहे."

धोंडाबाईने जारवर हात ठेवला. "ह्यातलं न्हाई देता यायचं, बाय. हे डोळ्याचं हाय." मुलीचा चेहरा उतरला. धोंडाबाईला कसंतरीच झालं. तिने पिशवीतून आपली स्वतःची बाटली काढली आणि सगळीच्या सगळी मुलीच्या बाटलीत ओतू लागली. ओतता ओतता पेपर कशाचा, घरी कोण कोण, जेवण बरं मिळतं का, असं तिचं सुरू झालं. त्या दोन मिनिटांत रियाजभाईंना दम निघाला नाही. कामाला उशीर झाला होता. त्यांना उन्हात पांढरं काहीतरी दिसलं, तो डबा. त्यांनी तो उचलला. झाकण जागचं हलेना. पारदर्शक पिशवी आणि पारदर्शक पट्टी त्यांना दिसलीच नाही. त्यांनी गॉगल कपाळावर सारला, डबा चेहऱ्याजवळ आणला आणि जोर लावून झाकण फिरवलं.

फस्सकन आवाज झाला. रियाजभाई ओरडले.

धोंडाबाईच्या हातातली बाटली कुठे पडली ते तिला कळलं नाही. ती जार घेऊन धावली, रियाजभाईंना खांद्याला धरून खाली आडवं केलं आणि त्यांचा डोळ्यावरचा हात हिसडून काढला. "पुसू नका! डोळा उघडा!" डोळा मिटलेला, घट्ट. तिने दोन बोटांनी पापण्या फाकवल्या आणि धार सोडली. "नक्को बाई, जळतंय, नक्को," रियाजभाई लेकरासारखे पाय झाडत होते. "जळू द्या! उघडा!" ती त्यांच्यावर तेवीस वर्षांत कधी ओरडली नव्हती इतकी ओरडली. पुनम धावत आली. "मावशी, निदान पंधरा मिनिटं धुवावं लागतं," ती म्हणाली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत गुडघ्यावर बसली.

आठव्या मिनिटाला जार संपला.

होस्टेलच्या नळाला पाणी नव्हतं. टाकी तडकलेली आणि कोरडी. धोंडाबाई रिकामा जार हातात धरून बघत राहिली, आणि तिच्या पायांखालची गच्ची हलल्यासारखं तिला वाटलं. पुनम केव्हाच उठून जिन्यातून खाली गेली होती. खालून तिचा आवाज ऐकू आला, दारं उघडल्याचे आवाज, चपलांची धावपळ. मग पोरी वर आल्या. एकीच्या हातात अर्धी बाटली, एकीच्या हातात पाऊण, एकीने बॅगेतल्या डब्यात पाणी आणलेलं. प्रत्येकीचं दिवसभराचं पाणी. त्या ओळीने उभ्या राहिल्या आणि एकेक बाटली पुढे देत गेल्या. धोंडाबाई ओतत गेली. मघाशी तिनेच पुनमला दिलेलं पाणीसुद्धा त्यात आलं. वीस मिनिटं झाली तेव्हा पुनम म्हणाली, "बास." धोंडाबाईने आणखी दोन बाटल्या ओतल्या.

डॉक्टरांनी डोळा तपासला आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणी कोणी मारलं?" धोंडाबाई दवाखान्याच्या दाराबाहेर उन्हात उभी होती, आत स्लॅब होता. बिलकीसभाबींनी बोटाने ती दाखवली. डॉक्टर म्हणाले, वरचा पडदा थोडा भाजलाय, आठ-दहा दिवसांत भरून येईल. पाणी मिळालं नसतं तर डोळा गेला होता. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. पुष्कळ दिवसांचा आहे. ऑपरेशन केलं नाही तर हा डोळाही काही कामाचा नाही.

गुरुपादप्पा येऊन रियाजभाईंच्या पाया पडायला लागला. त्यांनी त्याला उठवलं आणि चहा पाजला. मोतीबिंदूचा विषय मात्र त्यांनी बंद केला. "एकच हाय. त्याच्यात मी चाकू घालू देणार नाय." बिलकीसभाबी रडल्या, मुलांनी फोनवरून समजावलं, मशिदीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगून पाहिलं. जून गेला, जुलै गेला. रियाजभाई वर्कशॉपला यायचे बंद झाले. घरात खाटेवर बसून ते दाराकडे तोंड करून राहायचे, कारण तिकडे उजेड होता.

एका दुपारी धोंडाबाई त्यांच्या अंगणात गेली. नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने सुरुवात केली. डॉक्टर चांगले आहेत, हजारो लोक करतात, दहा मिनिटांचं काम. रियाजभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई," ते म्हणाले, "तेवीस वर्षं झाली. माझ्या घरात तुमी कधी आल्या न्हाईत. मी कधी बोललो? तुमची भीती ती भीती, आन माझी तो हट्ट?"

धोंडाबाईने पायांत घोटाळणारी कोंबडी बाजूला सारली. तिला राग आला होता, आणि राग आला कारण तो माणूस खरं बोलत होता. मग ती म्हणाली, "ठीक हाय. तुमी डोळा डॉक्टरच्या हातात द्या. मी दवाखान्यात आत बसते. स्लॅबखाली. आपरेशन हुईस्तोर उठत न्हाई."

"तीन मजले हाईत तिथं."

"म्हाईत हाय."

"उठाल."

"न्हाई उठत."

"हाव," रियाजभाई शेवटी मान डोलावत म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी धोंडाबाई तळमजल्यावरच्या लोखंडी बाकावर बसली. पाय जमिनीला टेकवलेले, दोन्ही हातांनी बाकाची कड धरलेली. वर कोणीतरी ट्रॉली ढकलत नेली, छत घरघरलं. तिला माळवद दिसलं, माती दिसली, रामकिशनचा आवाज ऐकू आला. बिलकीसभाबींनी तिच्या हातावर हात ठेवला. "आपा, बाहेर जाऊन या. मी नाही सांगत त्यांना." धोंडाबाईने मान हलवली. तासाभराने डॉक्टर येऊन सगळं नीट झाल्याचं सांगून गेले. वचन पुरं झालं होतं, आता ती मोकळी होती. पण पट्टी सुटणार होती दुसऱ्या दिवशी सकाळी. दिसेल की नाही ते अजून कोणालाच माहीत नव्हतं. ती तिथेच बसून राहिली, संध्याकाळ, रात्र आणि पहाट. भूकंपानंतर स्लॅबखाली काढलेली तिची ही पहिलीच रात्र.

सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. रियाजभाईंनी पापणी हळूच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. डोळ्यातून पाणी आलं. बिलकीसभाबींनी त्यांचा खांदा धरला. ते आधी बायकोकडे बघून हसले, मग खोलीच्या दाराकडे वळले. तिथे धोंडाबाई चौकटीला धरून उभी होती. बाहेर नाही, आत.

ते तिच्याकडे बघतच राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तुमचे केस कवा पांढरे झाले?"

धोंडाबाई पुढे झाली आणि तिने दवाखान्याने दिलेला काळा गॉगल उशाशी पडला होता तो उचलून त्यांच्या डोळ्यावर चढवला. काड्या दोन्ही कानांमागे नीट बसल्या की नाही ते तिने चाचपून पाहिलं.

"लई दिवस झाले," ती म्हणाली. "कपाळावर ढकलायचा न्हाई."

"न्हाई ढकलत," रियाजभाई म्हणाले. मग त्यांनी गॉगलमधूनच वर छताकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "स्लॅब हाय बाई वर."

"हाव," धोंडाबाई म्हणाली आणि त्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसली.